बेथनी हॉलमधला वाढपी

शनिवार, २ सप्टेंबर २००६. रीडिंग, इंग्लंड. सकाळी १०

नवी डायरी. ऑफिसच्या स्टेशनरीच्या कपाटातून आणली. कुणाला विचारलं नाही, पण कुणी नाही म्हणालंही नाही.

सुलक्षणा आणि वरदा पुण्याला जाऊन आज तीन आठवडे झाले. फ्लॅट एकदम मोठा वाटतो. टीव्हीचा रिमोट ठेवावा तिथेच सापडतो. फार बरं वाटतंय. वाचन, व्यायाम आणि स्वयंपाक सोमवारपासून.

हीथ्रोवर सुलक्षणा म्हणाली, मी आता परत येणार नाही, शशी. मी म्हटलं, ठीक आहे, दिवाळी करून या. त्यावर म्हणाली, बघ, तू ऐकतच नाहीस. मग सिक्युरिटीच्या रांगेत एकदाही मागे वळून पाहिलं नाही. रांगच तशी होती, पुढे बघावं लागतं.

काळजीचं कारण नाही. आपल्यात पहिलं 'नको' धरायचंच नसतं. माझ्या मामाचा जावई पानावर आडवा हात धरून तीनदा नको नको म्हणायचा आणि मग सहा पुरणपोळ्या खायचा. एकदाच विचारून पुढे गेलं असतं तर उपाशी उठला असता, आणि वर गावभर सांगत सुटला असता. खुद्द सुलक्षणाने लग्नाच्या वेळी आधी नकारच कळवला होता. मी दोन पत्रं लिहिली, तिसऱ्या वेळी स्वतः जाऊन बसलो. झालं की नाही लग्न?

तिची मूळ तक्रार अशी की मला स्वतःपलीकडे कुणी दिसत नाही. ठीक. बदल करून दाखवू. दारातून एक पत्रक आत पडलंय: ऑक्सफर्ड रोडजवळ बेथनी हॉल मिशन, बेघर आणि गरजू लोकांना दर शनिवारी जेवण, स्वयंसेवक हवेत. इंग्रजांचे मिशनरी इतकी वर्षं आपल्याकडे येऊन सेवा करत होते. आता पाळी आपली. परदेशात येऊन परदेशातल्या गरिबांची सेवा करणारा पुण्याचा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही.

टार्गेट: ख्रिसमसच्या सुट्टीत दोघी परत.

शनिवार, ९ सप्टेंबर. दुपारी ४

पहिला दिवस. उत्तम.

मॉरीन नावाच्या बाई सगळं बघतात. वय साठ-बासष्ट, रिटायर्ड नर्स, सगळ्यांना लव्ह म्हणतात. मला शॅश म्हणाल्या. मी शशिधर असं सावकाश सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बिल्ल्यावर शॅश लिहिलं.

फॉर्म भरला. धर्म या रकान्यात हिंदू लिहिलं. मॉरीन म्हणाली, काही हरकत नाही, बटाटे सोलता येतात ना? मी सांगितलं, मी सोळा माणसांची टीम सांभाळतो. ती म्हणाली, छान, साल काढायची सुरी त्या ड्रॉवरमध्ये आहे.

जेवायला येणाऱ्यांना गरीब म्हणायचं नाही, गेस्ट म्हणायचं. चाळीस-पंचेचाळीस गेस्ट. त्यांतल्या एकाचा कोट माझ्यापेक्षा चांगला होता. आधी सगळे उभे राहून प्रार्थना. मीही डोळे मिटले आणि वदनी कवळ म्हटलं. देवाला काय, जेवणाशी मतलब. मग खिमा-बटाट्याचा शेपर्ड्स पाय, मटार, कस्टर्ड. प्रत्येकाला एक डाव. मला मटारावर उभं केलं.

निरीक्षण: कुणीही कुणाला आग्रह करत नाही. पंगतीत सुतक असल्यासारखं वाटतं. सुधारणेला भरपूर वाव आहे.

रविवार, १० सप्टेंबर

सुलक्षणाला इमेल. चार पानं. माझ्यातल्या बदलावर वेगळा परिच्छेद.

गुरुवार, १४ सप्टेंबर

तिचं उत्तर आलं. पूर्ण असं: वाचलं. चांगलं आहे. वरदाला सर्दी झालीय.

'चांगलं आहे' हे महत्त्वाचं. प्रिंट काढून फ्रिजला लावलं.

शनिवार, २३ सप्टेंबर

आज आग्रह सुरू केला.

टेरी म्हणून एक गेस्ट आहेत. पूर्वी लॉरी चालवायचे. पंचावन्नच्या आसपास, दाढी, बरोबर ड्यूक नावाचा म्हातारा कुत्रा. कस्टर्डला नो थँक्स म्हणाले. मी वाढलं. पुन्हा नो म्हणाले. मी हसून पुन्हा वाढलं. तिसऱ्यांदा त्यांनी बाउलवर हात धरला. आता हा तर आपला अगदी घरचा प्रकार! मी बोटांच्या फटीतून वाढलं.

कस्टर्ड गरम होतं. एवढं काही नाही, लाल झालं फक्त.

मॉरीनने मला मागे नेलं. म्हणाली, शॅश, ही माणसं दिवसभर दुसऱ्यांनी सांगितलं तसं करतात. इथे बसू नका, तिथे झोपू नका, हा फॉर्म भरा, उद्या या. नको म्हणणं एवढं एकच त्यांच्या हातात उरलेलं असतं. तेवढं तरी त्यांच्याकडे राहू दे.

बाई मनाने चांगल्या आहेत, पण आग्रहाची संस्कृती समजायला पिढ्या जाव्या लागतात. प्रेझेंटेशन करतो. बारा स्लाइड्स पुरतील.

शनिवार, ३० सप्टेंबर

स्लाइड्स एकोणीस झाल्या. लॅपटॉप घेऊन गेलो. हॉलमध्ये प्रोजेक्टर नाही. मॉरीनला स्क्रीनवरच दाखवायला लागलो. तिसऱ्या स्लाइडला तिला ओव्हनमध्ये काहीतरी आठवलं.

टेरीच्या हाताला बँडेज नव्हतं. म्हणजे बघा.

शनिवार, १४ ऑक्टोबर. संध्याकाळी

झालेल्या प्रकाराची नोंद तटस्थपणे करतो.

लीक नावाच्या जाड कांद्याच्या पातीचं आणि बटाट्याचं सूप अत्यंत मिळमिळीत होतं. मॉरीन गेस्टची नावं लिहून घ्यायला बाहेर गेली होती. मी घरून मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या नेल्याच होत्या. फोडणी सुंदर झाली. मोहरी अशी तडतडली की गणपतीतल्या स्वयंपाकाची आठवण झाली. मग मिरच्या टाकल्या.

स्मोक अलार्म फार सेन्सिटिव्ह आहे. हे मी लेखी कळवणार आहे. नियमाप्रमाणे सगळा हॉल रिकामा करावा लागला. अठ्ठेचाळीस गेस्ट, सहा स्वयंसेवक आणि एक कुत्रा पावसात पार्किंगमध्ये. सगळे खोकत होते. एक आजीबाई मला विचारत होत्या, युद्ध सुरू झालं का. फायर ब्रिगेडची माणसं मात्र अतिशय सभ्य. त्यांतल्या एकाने सूप चाखलं आणि चांगलं आहे म्हणाला. दुर्दैवाने मॉरीन तेव्हा लांब होती.

जेवणाला सँडविच वाटले.

सुलक्षणाला इमेल: मिशनच्या किचनमध्ये भारतीय पद्धत आणण्याचा पहिला प्रयोग केला, प्रतिसाद तीव्र.

शनिवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

प्रमोशन! मॉरीनने आजपासून क्लोकरूमची संपूर्ण जबाबदारी माझ्याकडे दिली. किचनमध्ये येण्याचीही गरज नाही म्हणाली. कोट घ्यायचे, नंबर द्यायचा, कोट परत द्यायचे. एकहाती काम.

साउथहॉलहून आणलेल्या चकल्या नेल्या होत्या. टेरीपुढे पाकीट धरलं. नो थँक्स, दात नाहीत, म्हणाले. मॉरीन बघत होती म्हणून पुढे काही बोललो नाही. मग कोटांच्या मध्ये बसून मीच खाल्ल्या. सतरा.

ऑफिसातला क्षितिज बायको वैभवीबरोबर ईलिंगला राहतो. काल म्हणाला, लक्ष्मीपूजनाला घरी ये, वैभवीने अनारसे केलेत. मी म्हटलं, नको रे, तुम्हाला कशाला उगाच त्रास. तो म्हणाला, बरं. बरं! चार वर्षं इथे राहून अस्सल कोल्हापूरचा माणूस इतका बिघडावा? दिवसभर मोबाइल जवळ ठेवला होता, पण रेंजचं काही सांगता येत नाही.

पणती लावली नाही. या फ्लॅटचाही अलार्म असेल सेन्सिटिव्ह.

शनिवार, ४ नोव्हेंबर

सुलक्षणाचं इमेल. वरदाला जूनपासून पुण्यातल्या एका चांगल्या शाळेत घालायचंय, ॲडमिशनच्या फॉर्मवर वडिलांची सही हवी, प्रिंट काढून सही करून स्कॅन पाठव.

जूनमध्ये वरदा इथे असणार. मग फॉर्म कशाला? सही केली नाही की आपोआप यावंच लागेल. कधी कधी काही न करणं हीसुद्धा मॅनेजमेंट असते.

शनिवार, ११ नोव्हेंबर

क्लोकरूममध्ये दोन कोटांची अदलाबदल झाली. सात कोटांची, मॉरीनच्या मते. नंबर देण्याची माझी सिस्टिम अचूक होती, लोकांनी ती नीट वाचली नाही.

आता मला त्याहून वरची भूमिका मिळाली आहे. मॉरीन म्हणाली, शॅश, लव्ह, तू फक्त टेबलावर बस, गेस्टबरोबर जेव, गप्पा मार. त्यांना सोबत हवी असते. ऑफिसच्या भाषेत याला क्लायंट-फेसिंग म्हणतात. सगळ्यांना झेपत नाही.

टेरीच्या टेबलावर बसलो. पहिली वीस मिनिटं सगळे नुसते जेवत होते. मग टेरीने विचारलं, घरी कोण कोण? मी सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला लागलो तो कस्टर्ड थंड होईपर्यंत सांगत होतो. वरदा आठ वर्षांची आहे, तिला मटार आवडत नाहीत, ती झोपेत इंग्रजी बोलायची. गेल्या महिन्याभरात एवढं सलग मी ऑफिसातसुद्धा बोललेलो नाही. एकंदरीत टेरीला माझ्या सोबतीचा चांगला उपयोग होतोय.

शनिवार, १८ नोव्हेंबर

टेरीची बायको स्विंडनला असते. एक मुलगी. नऊ वर्षं भेट नाही. म्हणाला, ती जाते म्हणाली तेव्हा मला वाटलं रागात बोलतेय. रोज फोन करायचो. मग एक दिवस नंबरच बदललेला.

मी त्याला समजावलं की त्याचा आग्रह कमी पडला. फोन पुरत नाही, समक्ष जायला हवं होतं. टेरीने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, गेलो होतो, मेट. पोलीस आले.

इंग्लंडमध्ये आग्रहाला कायद्याचं संरक्षण नाही, हे खरं.

शनिवार, २५ नोव्हेंबर

मोठा निर्णय. दोघींची तिकिटं काढली. बावीस डिसेंबरला रात्री मुंबई, तेवीसला सकाळी हीथ्रो. पान वाढून समोर ठेवलं की माणूस बसतोच. पीडीएफ इमेल केली. विषय: सरप्राइज!

सोमवार, २७ नोव्हेंबर

सुलक्षणाचं उत्तर: मी विचारलं नव्हतं. आम्ही येणार नाही. रद्द कर. आणि फॉर्मचं काय झालं?

उत्तम चाललंय. हे दुसरं 'नको'. एक राहिलं.

शनिवार, २ डिसेंबर

हॉलमध्ये ख्रिसमस ट्री. मिशनमध्ये पंचवीस तारखेला ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी जेवण असतं. रोटा, म्हणजे कामाच्या पाळ्यांचा तक्ता, भिंतीवर लावलाय. मॉरीनने विचारलं, शॅश, ख्रिसमसला एकटा आहेस का? आमच्या घरी ये, माझी बहीण येते, टर्की असतं, तुझ्यासाठी बिनमांसाचा नट रोस्ट करीन.

मी म्हटलं, छे छे, माझी बायको आणि मुलगी येतायत. तेवीसला.

मॉरीनने मला मिठीच मारली. सगळ्या किचनला ओरडून सांगितलं. टाळ्या वाजल्या. रोटावरून माझं नाव खोडून टाकलं, म्हणाली, तू आता घरच्यांबरोबर राहायचं. टेरी मात्र ड्यूकला खाजवत होता.

बाकी, मॉरीनने पुन्हा विचारलं असतं तर तिघांचं जमवता आलं असतं. पण विचारलं नाही.

शनिवार, ९ डिसेंबर

फ्लॅटची सफाई. वरदाच्या खोलीत गुलाबी चादर घातली. सुलक्षणाची चहाची बरणी घासली. बाथरूमचा बल्ब बदलायचाय. उद्या.

मिशनमधल्या बायकांनी वरदासाठी भेट दिली. स्वतः विणलेली टोपी आणि हातमोजे, लाल. मॉरीन म्हणाली, तिला घेऊन ये, आम्हाला बघायचंय तिला. मी नक्की म्हटलं. पिशवी घेताना हाताला घाम आला होता. हॉलमधलं हीटिंग फार असतं.

सोमवार, १८ डिसेंबर. दुपारी २

ऑफिसमधून पुण्याला फोन. सुलक्षणानेच उचलला. मी बाथरूमच्या बल्बपासून सुरुवात केली. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, फॉर्मची आता गरज नाही. शाळेला सांगितलं, वडील परदेशात असतात. ते म्हणाले, आईची सही चालेल. ॲडमिशन झाली. आणि शशी, आम्ही येत नाही आहोत, तिकिटं रद्द केलीस ना?

मी म्हटलं, मीटिंग आहे, नंतर बोलू.

मीटिंग नव्हती. कॉफीच्या मशीनपाशी जरा उभा राहिलो. माझी सही लागली नाही. एवढीशी गोष्ट, पण कॉफी न घेताच जागेवर परत आलो.

संध्याकाळी ६. नीट विचार केला. हे तिसरं 'नको'. म्हणजे आता येणार. हिशेब चोख आहे.

बुधवार, २० डिसेंबर

दाट फॉग. हीथ्रोवर विमानं रद्द, बातम्यांमध्ये लोक तंबूत बसलेले दाखवतात.

क्षितिजने विचारलं, ख्रिसमसला काय प्लॅन? चोवीसला ये ईलिंगला, दोन दिवस राहा, पंचवीसला ट्रेनच नसतात. म्हटलं, अरे घरचे येतायत. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. त्याची वैभवी आणि सुलक्षणा अजून फोनवर बोलतात, हे माझ्या लक्षात नव्हतं. म्हणाला, शशी, खरंच ये. मी म्हटलं, नको, खरंच येतायत. मग तो आपल्या स्क्रीनकडे वळला. म्हणजे दोनदा विचारलं त्याने. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर काय म्हणालो असतो, सांगता येत नाही.

शनिवार, २३ डिसेंबर

पहाटे उठून स्टेशनवरून हीथ्रोची बस. फॉगमुळे बस बैलगाडीसारखी चालली. टोपी-हातमोज्यांची पिशवी बरोबर घेतली, वरदाला बाहेर आल्या आल्या थंडी वाजली तर.

मुंबईचं विमान पावणेतीन तास लेट. उतरलं. मी कठड्याशी अगदी पुढे उभा. लोक येत होते. पापडाचे खोके, गळ्यात पडणं, रडणं. एक लहान मुलगी माझ्याकडे धावत आली आणि माझ्या मागच्या माणसाला बिलगली. ट्रॉल्या संपल्या. मग एअरलाइनचा स्टाफ बाहेर आला, छोट्या बॅगा ओढत, हसत. मग कुणीच नाही.

आणखी दीड तास थांबलो. चौकशीवरच्या बाईने स्क्रीन बघून सांगितलं की या नावाच्या प्रवाशांनी चेक-इनच केलं नव्हतं. मी म्हटलं, फॉगमुळे असेल. ती म्हणाली, सर, मुंबईत फॉग नाहीये. मी म्हटलं, तरीपण.

विमान उतरलं, हे मान्य. पण अशा हवेत सगळेच पॅसेंजर उतरले असतील असं नाही.

मॉरीनला मेसेज केला: फ्लाइट डिलेड बाय फॉग. तिचा लगेच उलट मेसेज: ओह लव्ह, प्रेइंग फॉर देम. आता ती बाई बिचारी खरंच प्रार्थना करत बसेल. मला अतिशय वाईट वाटलं. फोन बंद केला.

रविवार, २४ डिसेंबर. संध्याकाळी ५

अकराला उठलो, परत झोपलो. साडेचारला दूध-ब्रेड आणायला बाहेर पडलो तर सुपरमार्केट चारलाच बंद. कोपऱ्यावरचं दुकानही बंद. गेल्या वर्षी सुलक्षणाने सगळं आधीच आणून ठेवलं होतं. कधी आणलं, काय आणलं, मला माहीत नाही. मी फक्त खाल्लं होतं.

फ्रिजमध्ये अर्धा कांदा आणि लोणचं. तांदळाचा डबा झटकला, तळहातभर निघाले. उद्या सकाळी काहीतरी उघडं असेलच. एवढा मोठा देश आहे.

क्षितिजला फोन करावासा वाटला. आपण होऊन कसा करायचा?

सोमवार, २५ डिसेंबर. संध्याकाळी ५

काहीही उघडं नव्हतं. बस नाही, ट्रेन नाही, रस्त्यावर माणूस नाही. नऊ वाजता तो भात लोणच्याशी खाल्ला. अकरापर्यंत गुलाबी चादरीवर बसून होतो.

मग ठरवलं, हॉलवर जाऊ. सेवेला सुट्टी नसते. माझं नाव रोटावर नसलं तरी अनुभवी माणूस लागतोच. पन्नास मिनिटं चाललो. प्रत्येक घराच्या खिडकीत दिवे होते आणि आत माणसं होती.

हॉलमध्ये गर्दी. स्वयंसेवकच पस्तीस, सहकुटुंब आलेले. मॉरीन दिसली नाही, तिच्या घरी पाहुणे. दारात डोक्याला हरणाची शिंगं लावलेली एक कॉलेजची मुलगी, हातात यादी. मला ओळखत नव्हती. बिल्ला मी घरी विसरलो होतो. तिने मेरी ख्रिसमस म्हटलं आणि विचारलं, तुम्ही एकटेच आलात का?

मी तिला सांगणार होतो की मी इथे स्वयंसेवक आहे, सप्टेंबरपासून, टेबलावर क्लायंट-फेसिंगला असतो. तोंडातून आलं, हो, एकटाच आहे.

तिने यादीत लिहिलं. कोट घेतला, नंबर दिला, इथे ख्रिसमसच्या जेवणाला घालतात तो कागदी मुकुट दिला. जांभळा. जेवणार ना, म्हणाली. हो म्हटलं.

टेरी नेहमीच्या टेबलावर होता. शेजारच्या खुर्चीवर त्याची पिशवी होती, ती त्याने खाली ठेवली. बायको-मुलीचं काहीच विचारलं नाही. मी खोटं बोललो, म्हटलं. तो म्हणाला, माहितेय, मेट. मग आम्ही जेवलो. बटाटे चांगले होते. मी डोळे पुसले तेव्हा त्याने ड्यूकशी बोलायला सुरुवात केली. खरोखर चांगला माणूस. इतके शनिवार मी त्याला सोबत देतोय असं डायरीत लिहीत आलो.

दोन वाजता शिंगंवाली मुलगी टेबलांवरून विचारत फिरत होती, ऑफिसमधल्या फोनवरून घरी कुणाला फोन करायचाय का, परदेशी असला तरी चालेल. टेरी नको म्हणाला. तिने त्याला पुन्हा विचारलं नाही. मला विचारलं.

वरदाने उचलला. बाबा, गॅदरिंगमध्ये मी ससा होते, म्हणाली. पाच मिनिटं नुसता ससा. मी मध्ये बोललो नाही. मग सुलक्षणा आली. मागे एवढा गोंगाट कसला, विचारलं. म्हटलं, मिशनमध्ये जेवायला आलोय. वाढायला ना, म्हणाली. म्हटलं, नाही. जेवायला.

तिने वरदाला आत जायला सांगितलं. मग हळूच म्हणाली, हे बघ, मी तुला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, शशी.

पुढचं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, ईस्टरची सुट्टी, मोठा फ्लॅट, मीच तिकडे येऊन बसतो. बाहेर फोनसाठी रांगेत दोघं उभे होते.

मी म्हटलं, हो. सांगितलं होतंस.